अर्ज आपला, सही देवाची



गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच-सहाजणी मोदक वळत बसलो होतो. (एक ख्रिस्ती बाई उकडीचे मोदक वळते याचं आता इथे कुणाला नवल वाटत नाही. माझ्या मोदकाला कळ्या नीट पडतात, तेवढं ओळखपत्र पुरतं.) शेजारी एक तरुण मैत्रीण होती. तिच्या नवऱ्याला पुण्यात चांगली नोकरी चालून आलेली, आणि तिला स्वतःला इथेच, आइंडहोवनमध्ये. महिनाभर दोघांच्या झोपेचं खोबरं झालेलं. हातातली पारी फिरवता फिरवता ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही लोक म्हणता ना, प्रार्थना केली आणि देवानं मार्ग दाखवला. म्हणजे नक्की काय होतं? आवाज येतो का?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, "आवाज फक्त कुकरचा येतो." विषय तिथेच संपला. पण रात्री सायकलवरून घरी येताना मला त्या उत्तराची लाज वाटली. तिने मनापासून विचारलं होतं आणि मी विनोद करून सुटले होते. म्हणून संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवलं, की ते राहिलेलं उत्तर इथे द्यायचं. जरा लांब आहे. फराळाची बशी घेऊन बसा.

माझं बालपण अहमदनगरचं. आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही. मराठी ख्रिस्ती लोकांचं ते जुनं ठिकाण. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ साली सुरू झालं, आणि 'ज्ञानोदय' हे आमचं नियतकालिक १८४२ पासूनचं. आई शाळेत शिक्षिका होती, वडील एस.टी.मध्ये. सकाळी उठल्यावर बायबलमधला एक अध्याय, एक भजन, प्रार्थना, आणि मग चहा. हा क्रम कधी बदलला नाही. भजनं बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, अभंगाच्या वळणाची. शेजारचे वारकरी आजोबा भिंतीपलीकडून आमच्या भजनाला टाळ धरायचे, त्यांना शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं.

अशा घरात 'देवाची इच्छा' हे शब्द मिठासारखे वापरले जातात. लग्न ठरलं, देवाची इच्छा. मोडलं, तरी तीच. मला मात्र ती आधी कळायला हवी होती. दहावीनंतर सायन्स घ्यायचं की आर्ट्स, हे ठरत नव्हतं. वर्गातल्या एका मैत्रिणीची आजी कोकणातली होती. तिच्याकडून मी कौल लावण्याबद्दल ऐकलं होतं. देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला ही पद्धत फार सोयीची वाटली. मी तिची घरगुती ख्रिस्ती आवृत्ती काढली. दार लावलं, डोळे मिटले, बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं लेवीय पुस्तकात, घराच्या भिंतीवर चट्टे उठले तर याजकाने काय करावं याच्या सूचनांवर. पुन्हा ठेवलं, तर कुणाच्या तरी वंशावळीवर. तिसऱ्यांदा आईने पाहिलं.

ओरडली नाही. म्हणाली, "बायबल म्हणजे पंचांग नव्हे. वाचायचं तर पहिल्या पानापासून वाच." आणि मग, "सायन्स घेऊन तुला काय करायचंय ते आधी मला सांग. मला सांगता आलं, की मग देवाला विचारू."

त्या वेळी हे मला अगदीच नीरस वाटलं होतं. आज कौल लावणाऱ्यांना मी हसत नाही. निदान ते चार माणसांसमोर, गुरवाच्या साक्षीने लावतात. मी माझं बोट दार लावून, एकटीने ठेवलं होतं.

नेदरलँड्समध्ये आम्ही २००४ साली आलो आणि हार्लेमला राहिलो. इथल्या एका डच चर्चमध्ये जायला लागलो. भाषा कळायची नाही, पण स्तोत्रं ऑर्गनवर इतकी संथ म्हणतात, की शब्द हाती लागायला वेळ मिळतो. प्रवचन सुरू झालं की बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या पुढे सरकवल्या जातात. नगरला देवळात कुणी चघळताना दिसलं असतं तर पाळकसाहेबांनी उपदेश थांबवला असता. इथे डोमिने शांतपणे बोलत राहतात.

पहिल्यांदा 'देवाची लेइडिंग' असं ऐकलं तेव्हा मी गोंधळले. 'लेइडिंग' हा शब्द मला माहीत होता तो नळामुळे. आमच्या घरी पाण्याचा पाइप गळत होता आणि प्लंबर आठवडाभर 'वॉटरलेइडिंग, वॉटरलेइडिंग' करत होता. देवाचा पाइप म्हणजे काय, हे मी शेजारच्या वृद्ध बाईंना विचारलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, की शब्द एकच, मार्गदर्शनालाही आणि नळालाही. आणि एक खोडसाळ पुस्ती जोडली: दोन्ही भिंतीच्या आत असतात, गळायला लागल्याशिवाय कुणाला आठवत नाहीत.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडली. जुन्या वळणाच्या चर्चच्या पत्रकांत तारखेआधी 'डी.व्ही.' छापतात. 'देओ वोलेंते', म्हणजे देवाची इच्छा असल्यास. डी.व्ही. रविवारी दहा वाजता उपासना, डी.व्ही. मंगळवारी कॉफी. मूळ याकोबाच्या पत्रात आहे: उद्या अमुक गावाला जाऊन व्यापार करू असं ठामपणे म्हणणाऱ्यांना तो सांगतो, की उद्याचं तुम्हाला काय ठाऊक. ज्या देशात मित्राला चहाला बोलवायचं तरी तीन आठवडे आधी डायरी काढतात, त्या देशात ही दोन अक्षरं मला मोठी गोड वाटली. आपल्याकडे आजी म्हणायची, "जमलं तर येईन, देवाच्या मनात असेल तर." तेच ते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायची टाळत होते, म्हणून नळ आणि पेपरमिंट झालं.

२०१६ सालचा ऑक्टोबर. नगरला आई अंगणात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पडूनच. धाकटा भाऊ आणि भावजय तिच्याबरोबर राहत होते, दोघंही नोकरी करणारे. भावाचा फोन आला. "ताई, तीन महिने येशील का? आम्ही थकलोय."

माझी मुलगी तेव्हा आठव्या ग्रुपमध्ये होती. इथे ज्यांची मुलं शिकली त्यांना सांगायला नको. बारा वर्षांच्या पोराची पुढची शाळा कोणत्या पातळीची, याचा सल्ला त्याच वर्षी मिळतो आणि घराघरांतून तणाव असतो. माझं कामाचं कंत्राट वर्षाअखेर पक्कं व्हायचं होतं. नवरा आठवड्यातले तीन दिवस जर्मनीत. मी भावाला म्हटलं, "मला तीन दिवस दे. मी प्रार्थना करते."

आणि मी खरोखर केली, वाचकहो. ढोंग नव्हतं. पहाटे उठून बसले, वाचलं, गुडघे टेकले. तिसऱ्या दिवशी मला एकदम हलकं वाटलं. आमच्याकडे याला 'शांती मिळाली' म्हणतात, आणि मार्गदर्शनाची ती मोठी खूण मानतात. मी भावाला फोन केला आणि सांगितलं, "मी खूप प्रार्थना केली. देवानं मला इथेच राहायला सांगितलंय."

फोनवर बराच वेळ काही नाही. मग भावजयीचा आवाज आला. तिने फोन काढून घेतला होता. ती कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. म्हणाली, "ताई, देव तुमच्याशी बोलला, चांगलं झालं. माझ्याशी काही बोलत नाही. माझ्या हातात फक्त बेडपॅन आहे." आणि फोन ठेवला.

मी रागावले. दोन दिवस नवऱ्याजवळ तिची तक्रार केली. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "शाळेचं कारण खरं आहे. कंत्राटाचंही खरं आहे. ते का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तेच तर, देवाने..." तो म्हणाला, "ते सांगितलं असतंस तर ते म्हणाले असते, बरं, मग तीनऐवजी दोन महिने ये. काहीतरी तोड निघाली असती. देवाशी कोण घासाघीस करणार?"

माझा नवरा चर्चला नाताळाला आणि ईस्टरला येतो. त्याच्याकडून हे ऐकणं मला जड गेलं. पण त्याचं बोलणं मनातून जाईना. मला जी शांती मिळाली होती ती कशाची होती? आता प्रामाणिकपणे सांगते. जे मला आधीपासून हवं होतं, ते पदरात पडल्याची होती. परीक्षा रद्द झाल्यावर पोरांना मिळते ना, तशी.

त्याच आठवड्यात मी कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढली. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल, निदान शाळेत एखादा उतारा तरी. मी ते लहानपणापासून टिळकांच्या बाजूने वाचत आले होते. आमच्या घरात टिळक म्हणजे मार्गदर्शन लाभलेल्या माणसाचा नमुना. ती आगगाडीची गोष्ट आम्हाला रविवारच्या शाळेत तोंडपाठ होती. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि सांगितलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते खुळेपणाचं वाटलं. पण पुस्तक वाचत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांचा हिशेब बरोबर जमला. रविवारच्या शाळेत इथे टाळ्या पडायच्या.

त्या आगगाडीच्या डब्यात लक्ष्मीबाई नव्हत्या.

इतकी वर्षं मला हे दिसलंच नव्हतं. एका माणसाला प्रकाश दिसला, आणि दुसऱ्या माणसाच्या पदरी जवळजवळ पाच वर्षांची ताटातूट आली. पदरात लहान मूल, माहेर-सासर दोन्हीकडे आकांत, लोकांच्या नजरा. लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहिलं आहे, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे मधूनच हसवत लिहिलं आहे. पण हसणं थांबल्यावर जे उरतं ते फार आहे. टिळक खोटे होते असं मला म्हणायचं नाही. त्यांना जे कळलं ते खरं होतं असंच मी मानते, माझा सगळा विश्वास त्या वाटेने माझ्यापर्यंत आला आहे. तरीही त्याची किंमत कुणाच्या खात्यावर पडली, हेही तितकंच खरं आहे.

आणि लक्ष्मीबाईंनी काय केलं? नवऱ्याच्या आज्ञेवरून धर्म बदलला नाही. त्या परत नांदायला आल्या तरी आपलं सोवळं, आपलं वेगळं पाणी, आपली वेगळी चूल धरून राहिल्या. टिळकांनी ते चालू दिलं. हा भागसुद्धा रविवारच्या शाळेत कुणी सांगत नसे. मग एक दिवस त्यांच्या स्वतःच्याच मनात प्रश्न आला, की जाती देवाने केल्या की माणसाने. उत्तर त्यांचं त्यांना मिळालं आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. बाप्तिस्मा १९०० साली झाला. आगगाडी नाही, गोरा प्रवासी नाही, भाकीत नाही. एका बाईने स्वतःला विचारलेला एक प्रश्न. पुढे टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगारही सोडला, 'देवाचा दरबार' काढला, आणि १९१९ साली ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा अशी कधी मिळालीच नव्हती. मार्ग कुणाला दाखवला होता आणि कुणी तो चालून संपवला, हे मला आता तितकं सरळ सांगता येत नाही.

मी पुस्तक मिटलं आणि भावजयीला फोन केला. माफी मागितली. मग पहिल्यांदाच खरी कारणं सांगितली, एकेक करून. तिने ऐकलं आणि म्हणाली, "पोरीच्या शाळेचं मला माहीतच नव्हतं." मग आम्ही दोघी कॅलेंडर घेऊन बसलो, ती नगरला, मी हार्लेमला.

इथल्या कायद्यात आजारी आई-वडिलांसाठी दीर्घकालीन रजा मिळते. आठवड्याच्या कामाच्या सहापट तास, वर्षातून, बिनपगारी. तिला माझी शिल्लक रजा जोडली, आणि अकरा आठवडे झाले. मुलगी बापाकडे राहिली आणि त्याने जर्मनीच्या फेऱ्या कमी करून घेतल्या. शाळेच्या बाईंशी बोलणं मी व्हिडिओवर केलं. माझं कंत्राट पक्कं झालं नाही. त्याचा आणि रजेचा संबंध होता की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढचे आठ महिने घरी बसले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण साक्ष द्यायला उभे राहिलो की आमच्यातले लोक एवढाच भाग गाळतात. देवाचं ऐकलं आणि सगळं छान झालं, असं सांगतात. ऐकलं आणि नोकरी गेली, असंही होतं.

नगरला मी भावजयीच्या हाताखाली काम केलं, असंच म्हणायला हवं. बेडपॅन, गरम पाणी, वॉकर, आईचा हट्ट. पहाटेचा अध्याय आता मी वाचायचे. एकदा मी आईला सगळं सांगितलं: तीन दिवसांची प्रार्थना, ती शांती, तो फोन. मला वाटलं ती मायेने काही बोलेल. ती छताकडे बघत म्हणाली, "अर्ज तुझा होता. सही त्याची कशाला केलीस?"

मग थोड्या वेळाने म्हणाली, देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको अशी जी आज्ञा आहे, ती लोकांना शपथा आणि शिव्यांपुरती वाटते. शाळेतली पोरं दाखल्यावर बापाची खोटी सही करून आणायची, त्यांना तिने चाळीस वर्षं पकडलं. "तुला एवढ्या उशिरा पकडलं," एवढंच.

चार वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, आई गेली. कोव्हिडची दुसरी लाट होती, भारत आणि नेदरलँड्समधली विमानं बंद होती. तिचा दफनविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. भावाने फोन धरला होता आणि त्याचा हात हलत होता, त्यामुळे मला बराच वेळ फक्त आभाळ आणि कडुलिंब दिसला. त्यानंतर अनेकांनी मला सांगितलं, बघ, ते अकरा आठवडे ही देवाचीच योजना होती. ते प्रेमाने म्हणतात, मी मान हलवते. पण मी तसं म्हणत नाही. तसं म्हटलं तर ज्यांना अकरा दिवसही मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी देवाने काय योजलं होतं? त्या वर्षी असे किती होते, आपल्या मंडळातही.

मधे २०१९ च्या उन्हाळ्यात भाऊ इथे आला होता. त्याला मी हार्लेममधल्या बार्तेलयोरिसस्त्राटवरच्या टेन बूम कुटुंबाच्या घरी नेलं. तुम्ही गेला नसाल तर जरूर जा. खाली घड्याळांचं दुकान, वर अरुंद जिन्यांचं घर, आता संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात कास्पर टेन बूम आणि त्यांच्या मुली कॉरी व बेटसी यांनी तिथे ज्यू लोकांना लपवलं. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी छापा पडला. कॉरीच्या खोलीत विटांची एक खोटी भिंत बांधलेली होती. तिच्यामागे सहा माणसं दोन दिवसांहून जास्त उभी राहिली आणि वाचली. घरच्यांना मात्र नेलं. कास्पर ८४ वर्षांचे होते. पुन्हा असं करणार नाही म्हणाला तर घरी सोडतो, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी तसं कबूल केलं नाही. दहा दिवसांत ते कैदेतच वारले. बेटसी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत गेली. कॉरी सुटली आणि पुढे जगभर हे सांगत फिरली.

कॉरीने आपल्या आठवणींत लहानपणचा एक प्रसंग दिला आहे. मरणाची भीती वाटून ती रडत होती, तेव्हा वडिलांनी तिला आगगाडीच्या तिकिटाची आठवण दिली. तिकीट ते तिच्या हातात गाडीत चढायच्या जरा आधी देत, घरून निघतानाच नाही. बळसुद्धा तसंच वेळेवर मिळतं, असा त्यांचा आशय. भावाला ही गोष्ट आवडली. मला आठवलं की टिळकांचीही आगगाडीच.

पण त्याला त्याहून जास्त कोड्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. कॉरीची आणखी एक बहीण होती, नोली. ती जवळच आपल्या संसारात राहायची आणि तिच्याकडेही एक ज्यू मुलगी होती. नोलीचा नियम असा, की खोटं बोलायचं नाही, काही झालं तरी नाही. पोलिसांनी विचारलं, ही ज्यू आहे का? नोली हो म्हणाली. दोघींना पकडून नेलं. कॉरी तर चोरून आणलेली रेशनकार्डं मिळवत होती, खोट्या भिंतीमागे माणसं लपवत होती. ती संतापली. पुढे भूमिगत लोकांनी त्या मुलीला सोडवलं, पण ते नंतर. दोन सख्ख्या बहिणी, एकाच बापाच्या मांडीवर एकच बायबल ऐकलेल्या, एकाच देवाला विचारून अगदी उलट वागल्या.

"मग देवानं दोघींना वेगवेगळं सांगितलं?" भावाने विचारलं.

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. मी असते तर कॉरीसारखी खोटं बोलले असते, हे नक्की. पण नोलीने एक केलं. तिने आपल्या निर्णयाची शिक्षा स्वतःही भोगली, त्या मुलीबरोबर तीही गेली. आणि मी हार्लेमच्या सोफ्यावर बसून नगरच्या बेडपॅनविषयी देवाचा निरोप दिला होता.

आम्ही स्पार्ने नदीच्या काठी बाकावर बटाट्याचे तळलेले काप खात बसलो. भाऊ म्हणाला, "त्या दिवशी तू देवाचं नाव घेतलंस ना, मी फोन भिंतीवर आपटणार होतो. नवा होता म्हणून वाचला." मग दोघंही हसलो, आणि त्याने माझ्या वाट्याचे कापही संपवले.

तर त्या तरुण मैत्रिणीला माझं उत्तर असं. आवाज मला कधी आला नाही. एलीयाला वारा, भूकंप आणि आग यांत देव भेटला नाही, नंतरच्या हलक्याशा कुजबुजीत भेटला. पण तो एलीया. माझ्याकडे रोजचा अध्याय असतो, माझ्या मनाचा खेळ ओळखणारी दोन-तीन माणसं असतात, आणि प्रार्थना असते, जी हल्ली मागण्यापेक्षा तपासण्यात जास्त जाते: हे मला हवं आहे म्हणून बरोबर वाटतंय का? ज्याला याची झळ लागणार, त्याच्या तोंडावर हे मला सांगता येईल का? ११९ व्या स्तोत्रात देवाच्या वचनाला पावलांसाठीचा दिवा म्हटलं आहे. त्या काळचे मातीचे दिवे तळहातावर मावणारे असत, आपल्या पणतीसारखेच. नोव्हेंबरच्या धुक्यात कालव्याच्या काठाने सायकल चालवताना पुढच्या दिव्यात जेवढं दिसतं, तेवढंच मला दिसतं, आणि वळण आलं की उतरून चालते. एवढ्या वर्षांत 'देवानं मला सांगितलं' हे वाक्य मी पुन्हा उच्चारलेलं नाही. 'मला असं वाटतंय, तुला काय वाटतं' असं म्हणते. चर्चमधल्या काहींना हे विश्वासाचं कमीपण वाटतं. वाटू दे.

हा लेख लिहून होत आला असताना काल तिचा फोन आला. आइंडहोवनच्या लोकांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. म्हणाली, "काकू, माझ्यासाठी प्रार्थना कराल ना?"

"करते," मी म्हटलं. "नवऱ्याशी बोललीस?"

"रोजच बोलतो."

"आणि सासूबाईंशी? पुण्यात एकट्या त्याच असतात ना?"

जरा वेळ गप्प. "त्यांना अजून काहीच सांगितलं नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर."

"आधी त्यांना फोन कर."

ती हसली. "हे देवाचं मार्गदर्शन समजू का तुमचं?"

माझ्या कढईत चकली होती आणि ती करपायला लागली होती. मी म्हटलं, आत्ता ठेव, मी रात्री बोलते. डी.व्ही.